आधी देवाला, मग भावाला

शोशम्माचा हात हलका, असं गावात सगळे म्हणायचे. सत्तावीस वर्षं कुवेतमध्ये नर्स म्हणून काढून ती मणिमला नदीकाठच्या आपल्या गावी परतली, तेव्हापासून इंजेक्शन घ्यायला, जखम बांधायला, साखर बघायला लोक दवाखान्याआधी तिचंच दार वाजवायचे, तिला 'चेच्ची', म्हणजे ताई म्हणायचे. लग्न तिनं केलं नव्हतं. रबराच्या झाडांमागं तिनं एक छोटं घर बांधलं होतं. त्यातली पूर्वेची खोली अम्मच्चीसाठी, म्हणजे आईसाठी होती. खाटेजवळ भिंतीला धरायला दांडा, न्हाणीघरात घसरू नये अशी फरशी, उशाशी खिडकी. अम्मच्ची त्या खोलीत एकदाही झोपली नाही. घर पुरं व्हायच्या आतच ती गेली. आता शोशम्मा रोज ती खोली झाडायची आणि दार ओढून घ्यायची.

भावाचं, कुट्टिच्चनचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण चार वर्षांत इकडून तिकडे हाक गेली नव्हती.

त्या फेब्रुवारीत वासू आशारी रोज सकाळी तिच्याकडे पायाची जखम बांधून घ्यायला यायचा. सुतारकाम करून म्हातारा झालेला माणूस, साखरेमुळं जखम भरत नव्हती, आणि तोंड घटकाभर बंद राहत नव्हतं. त्या दिवशी पडवीत बाकावर पाय पसरून तो लाकडाच्या गोष्टी सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, "अम्मच्चीची शवपेटी मीच केली ना, चेच्ची. फणसाच्या फळ्या, एक गाठ नाही. कुट्टिच्चन डोक्यावर उभा, उजाडायच्या आत पाहिजे म्हणून. मी म्हटलं, अरे, चेच्चीला तरी येऊ दे, घाई कसली? तर म्हणतो, ती येऊन काय करणार, उठवून बसवणार आहे का?"

जखमेला चिकटलेली पट्टी शोशम्मा मिठाच्या पाण्यानं भिजवत होती. तिचा हात थांबला. आणि दुसऱ्या क्षणी तिनं ती पट्टी फर्रकन ओढली.

"अय्यो!" आशारी ओरडला. जखमेतून रक्त वाहू लागलं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात बाकाच्या कडेला आवळले गेले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं.

"चुकलं, आशारी. चुकलं माझं," शोशम्मा पुटपुटली. तिनं रक्त थांबवलं, औषध लावलं, नवी पट्टी बांधली. आशारी तिच्या हातांवरून नजर काढत नव्हता. काठी घेऊन उठताना तो खाली बघतच म्हणाला, "उद्यापासून मुलीला सांगतो बांधायला. तुम्हाला रोजचा त्रास कशाला?"

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या बाकावर बसून राहिली. सत्तावीस वर्षांत तिनं रोग्याला मुद्दाम दुखवलं नव्हतं. आज दुखवलं होतं, आणि ते मुद्दामच होतं. हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी कुट्टिच्चनच्या मुलीचं, जिन्सीचं लग्न ठरलं होतं. ईस्टरआधीचा पन्नास दिवसांचा मोठा उपास सुरू झाला की त्यांच्या देवळात लग्नं लागत नाहीत, म्हणून तारीख उपासाच्या आदल्या शनिवारची. शोशम्मानं रजा काढली होती, शुक्रवारचं विमान होतं. मंगळवारी पहाटे अम्मच्ची गेली. बुधवारी दुपारी तिला पुरलं. आणि बुधवारी संध्याकाळी कुट्टिच्चननं कुवेतला फोन केला. "अम्मच्ची गेली, चेच्ची. सगळं नीट पार पडलं." शोशम्माला 'पार पडलं' या शब्दाचा अर्थच कळेना. परदेशातली मुलं येईपर्यंत माणसं आठ-आठ दिवस शीतपेटीत ठेवतात, सगळं गाव ठेवतं. तिच्यासाठी दोन दिवस ठेवता आलं नव्हतं. ती शुक्रवारी उतरली ती सरळ दफनभूमीत गेली. शनिवारी देवळात लग्नाची घंटा वाजली तेव्हाही ती तिथंच कुटुंबाच्या थडग्यापाशी, ओल्या सिमेंटकडे बघत बसली होती.

तेव्हापासून तिनं भावाशी बोलणं टाकलं आणि कुर्बाना, म्हणजे उपाशीपोटी घ्यायची वेदीवरची पवित्र भाकर, घेणंही टाकलं. मनात एवढं घेऊन वेदीपुढं तोंड उघडायचं नाही, इतकं तिला कळत होतं. रविवारी देवळात शांती द्यायची वेळ येते, वेदीपासून निघालेली शांती हातातून हातात, बाईकडून बाईकडे शेवटच्या रांगेपर्यंत येते. भावजय आलेयम्मा जिथं उभी असेल तिथून शोशम्मा चार रांगा लांब उभी राहायची. बायका आपसात बोलायच्या, बोलून थकल्या.

त्या दुपारी ती देवळात गेली. यूहानोन अच्चन शिडीवर चढून पंख्याची पाती पुसत होते. जेमतेम पस्तिशीचा पाद्री, झगा खोचलेला, दाढीत जळमट.

"अच्चो, मी आज एका रोग्याला दुखवलं," ती शिडीखालूनच म्हणाली.

अच्चन खाली उतरले, पायरीवर बसले, आणि तिनं सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी इथं नवा आलो तेव्हा वाटलं, शोशम्मा चेच्चींना उपाशीपोटी राहवत नसेल, म्हणून कुर्बाना घेत नाहीत."

"राग आहे म्हणून घेत नाही."

"तेवढं लक्षात आलं नंतर."

"राग येणं पाप आहे ना? लहानपणापासून ऐकतेय, गिळावा म्हणून. चार वर्षं गिळतेय."

"नर्स तुम्ही. तुम्हीच सांगा, गिळलेलं जातं कुठं?"

"येशूला आला नव्हता राग?" अच्चन म्हणाले. "देवळात बाजार मांडणाऱ्यांची टेबलं उलथली त्यानं. पण ज्यांच्यावर राग होता त्यांच्याच पुढ्यात, दिवसाढवळ्या, आणि कशाचा राग ते बोलून. तुम्ही काय केलंत? राग कुट्टिच्चनवर आणि पाय आशारीचा."

तिला हसू येता येता रडू आलं. अच्चनांनी ते येऊ दिलं. खिशातून रुमाल काढला, तो पंखा पुसून काळा झालेला दिसला, तसा पुन्हा खिशात घातला.

"आता असं करा," ते म्हणाले. "संध्याकाळच्या प्रार्थनेला पुस्तक मिटून ठेवा. पूर्वेला तोंड करून उभ्या राहा आणि आत जे आहे ते देवाला सांगा. मोठ्यानं. शिव्या आल्या तर शिव्या. स्तोत्रं लिहिणारे काय कमी ओरडलेत? त्यानं ते ऐकलं, तुमचंही ऐकेल. रोज ओरडा. ओरडून संपलं की तळाला काहीतरी उरेल. तेवढंच उचला आणि कुट्टिच्चनला जाऊन सांगा. तो कसा आहे ते सांगायचं नाही, काय झालं आणि तुम्हाला काय लागलं, तेवढंच."

"आणि त्यानं माफी मागितली नाही तर?"

"नाहीच मागणार कदाचित. मागेल असं सांगून तुम्हाला पाठवलं तर मी खोटं बोललो असं होईल."

पहिल्या संध्याकाळी तिच्या तोंडून शब्दच फुटेना. पूर्वेच्या भिंतीवरच्या क्रुसापुढं दिवा लावून ती उभी राहिली, आणि एवढ्या मोकळ्या घरातही तिला कुणी ऐकेल अशी लाज वाटली. ऐकणारं होतं कोण? स्वयंपाकघरातली पाल. दुसऱ्या दिवशी ती हळू आवाजात म्हणाली, "तू झोपला होतास का त्या बुधवारी?" आणि मग बांध फुटावा तसं सगळं आलं. कुट्टिच्चन, त्याचे व्याही, जिन्सीच्या लग्नाचा मांडव, ते सिमेंट, ते 'पार पडलं'. घसा बसला. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडची तंकम्मा विचारायला आली, "चेच्ची, नवा टीव्ही घेतला का? काल केवढी भांडणाची मालिका लागली होती."

"हो," शोशम्मा म्हणाली. "आणखी चार-पाच दिवस चालणार आहे."

त्याच आठवड्यात ती आशारीच्या घरीही जाऊ लागली. पहिल्या दिवशी त्यानं झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी दारात येऊन म्हणाली, बाबा नको म्हणतात. तिसऱ्या दिवशी शोशम्मा उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "आशारी, मी मुद्दाम ओढली. हात निसटला नव्हता. तुमचा काही दोष नव्हता, राग दुसऱ्यावरचा होता. मला माफ करा." आत खाट करकरली. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, "या आत. पण आज पाणी जास्त ओता."

सातव्या संध्याकाळी तिला ओरडायला काही सापडेना. ती क्रुसापुढं उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, "मला तिचा चेहरा बघायचा होता." मग थोड्या वेळानं, "आणि आदल्या वर्षी मी रजा असून आले नाही. पुढच्या वर्षी येते म्हणाले होते." हे दुसरं वाक्य तिनं चार वर्षांत स्वतःलाही ऐकू दिलं नव्हतं. ती तिथंच गुडघ्यांवर बसली. भावावरच्या रागाखाली स्वतःवरचा राग इतका घट्ट चिकटला होता की दोन्ही एकच वाटत होते. ते आता सुटे झाले. हलकं वाटलं असं नाही. उलट घर अधिकच मोठं वाटू लागलं. इतकी वर्षं त्या रागाची तरी सोबत होती.

उपासाच्या आदल्या रविवारी देऊळ सुटल्यावर ती भावाच्या घरी गेली. पन्नास दिवस मांस-मासे-दूध बंद होणार, म्हणून घराघरात खोबऱ्याचे तुकडे घालून बीफ परतल्याचा वास होता. कुट्टिच्चन व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. बहिणीला फाटकात बघून तो उठून उभा राहिला, पेपर हातातच राहिला. केस पार पांढरे झाले होते त्याचे. देवळात ती त्याच्याकडे बघायचीच नाही, म्हणून हे दिसलं नव्हतं.

"बस, चेच्ची."

"बसायला नाही आले. भांडायलाही नाही. एक सांगायचं आहे, तेवढं ऐकून घे." तिचा आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. "तू अम्मच्चीला माझ्याविना पुरलंस. दोन दिवसांवर आले होते मी. मला तिचा चेहरा बघायला मिळाला नाही, आणि आता कधीच मिळणार नाही. त्याचा मला फार राग आहे. चार वर्षं तो मी आत ठेवला आणि तुझ्याशी बोलले नाही, ते माझं चुकलं. राग आहे तो आहे. तो तुला सांगायला हवा होता, म्हणून आले."

कुट्टिच्चनचा चेहरा आधी उतरला आणि मग तापला. "तुला राग? नऊ महिने ती अंथरुणात होती. गू-मूत कुणी काढलं? आलेयम्मानं आणि मी. तू दोन वर्षांतून एकदा यायचीस, चॉकलेटं वाटायचीस आणि जायचीस. व्याही म्हणाले, माती उरकून घ्या, नाहीतर लग्नाचं ईस्टरनंतर बघू. नवरा मुलगा कॅनडाला परत जायचा होता. माझी पोरगी मांडवात बसायची राहिली असती. तेव्हा कुठं होतीस तू?"

शोशम्माच्या मुठी आवळल्या. ओठांवर आलं होतं की मी कुवेतला राहून पैसे पाठवले म्हणूनच तुझं घर उभं राहिलं. तिनं ते मागं ढकललं. ते खरं होतं, पण आज सांगायचं ते तेवढं नव्हतं. दोनदा श्वास घेऊन ती म्हणाली, "नऊ महिने तुम्ही केलंत. मी केलं नाही. त्याबद्दल माझं तोंड नाही. तरी बुधवारचं ते बुधवारचंच आहे, कुट्टिच्चा."

"झालं बोलून?"

"झालं."

तो आत निघून गेला. आलेयम्मा ओले हात पुसत फाटकापर्यंत धावत आली. "चेच्ची, जेवून जा ना. टॅपिओका शिजलाच आहे."

"आज घशाखाली उतरायचं नाही, आलेयम्मा," ती म्हणाली. चार वर्षांनी तिनं हे नाव घेतलं होतं.

वाटेत रबराच्या झाडांतून चालताना तिला वाटलं होतं की आता काहीतरी होईल. मागून पावलं वाजतील, हाक येईल. काही झालं नाही. घरी येऊन तिनं कुलूप उघडलं, चप्पल काढली, आणि एका माणसापुरती कट्टन, बिनदुधाची कॉफी करून घेतली.

सोमवारी दुपारी देवळात एकमेकांची क्षमा मागायची प्रार्थना असते. उपासाची सुरुवात तिथूनच होते. चाळीस वेळा जमिनीला डोकं टेकायचं, उठायचं, पुन्हा टेकायचं. साठीला आलेल्या शोशम्माचे गुडघे विसाव्या वेळेलाच कुरकुरू लागले. पुरुषांच्या बाजूला कुट्टिच्चन नव्हता. दरवर्षी पहिल्या रांगेत असायचा. अच्चनांनी आधी स्वतः लोकांपुढं गुडघे टेकून क्षमा मागितली, मग सगळे एकमेकांकडे वळले. सासवा सुनांपुढं वाकल्या, शेजारी शेजाऱ्यांपुढं. शोशम्मा वळली तर समोर आलेयम्मा होती, डोळे सुजलेले.

"मला क्षमा कर, चेच्ची. त्या दिवशी फोन करा असं मी त्यांना म्हणू शकले असते. म्हटलं नाही."

"मलाही कर," शोशम्मा म्हणाली. "तुझ्या हातची शांती मी चार वर्षं घेतली नाही." आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

पुढच्या रविवारी तिनं कुर्बाना घेतली. आदल्या दिवशी अच्चनांना विचारलं होतं, तो तर अजून आलेला नाही, मग कशी घेऊ? अच्चन म्हणाले, "तुमच्या बाजूचं दार उघडं आहे ना? मग या. त्याच्या बाजूचं त्याचं तो बघेल."

त्यानंतर तीन आठवडे काहीच घडलं नाही. सकाळी आशारीचा पाय, दुपारी पेज आणि मूग, संध्याकाळी प्रार्थना. कधी कधी राग पुन्हा वर यायचा, भांडी घासताना, झाडलोट करताना. तेव्हा ती हातातलं काम खाली ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आला बघ पुन्हा." देवालाच सांगायची. दुसरं होतं कोण? कधी तो लगेच जायचा, कधी तासभर बसायचा. पण त्या दिवसांत तिच्या हातून कुणाला ओरखडाही आला नाही.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी पडवीत खोकल्याचा आवाज आला. कुट्टिच्चन पायरीवर बसला होता, पाठ तिच्याकडे.

"आत ये," ती म्हणाली.

"इथंच बरं आहे." तो अंगणातल्या सुपारीकडे बघत होता. मग म्हणाला, "त्या मंगळवारी मी तीनदा फोन हातात घेतला. तुझा नंबर काढला. मला माहीत होतं, तुझा आवाज ऐकला तर मी थांबेन. थांबलो तर लग्न मोडेल. म्हणून नाही केला."

म्हणजे त्याला कळत होतं. चुकून, धावपळीत झालं नव्हतं. शोशम्माच्या कानशिलात ठोके पडायला लागले.

"थांब," ती म्हणाली. "पुढं बोलू नकोस. मला आत्ता फार राग आलाय. मी जाऊन येते. तू जाऊ नकोस."

ती मागच्या अंगणात विहिरीवर गेली. पोहरा सोडला, भरला, वर ओढला. कढीपत्त्याला घातला. पुन्हा सोडला. दोर तळहातांना काचत होता. "बघतोयस ना?" ती आभाळाकडे न बघताच म्हणाली. "मला त्याला मारावंसं वाटतंय. धर मला." पाचवा पोहरा केळीला घालताना हातातला जोर ओसरला. तिनं चेहऱ्यावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि पडवीत परत आली. तो तिथंच होता. त्याच पायरीवर, मान अजून खाली.

"आता सांग," ती त्याच्या शेजारी बसत म्हणाली.

"सोमवारी संध्याकाळी ती शुद्धीवर होती," कुट्टिच्चन म्हणाला. "सारखी विचारायची, शोशा शुक्रवारीच येणार ना? मी हो म्हटलं. तर म्हणाली, माझे केस विंचर, नाहीतर ती आल्या आल्या तुम्हाला बोलेल. आलेयम्मा चुलीपाशी होती, मग मीच विंचरले. मला कुठं येतंय? भांग वाकडा. आरसा मागितला तिनं. बघून म्हणाली, रबराची झाडं चिरणाऱ्या हातांना एवढंच जमायचं. हसली. तेच शेवटचं. पहाटे गेली ती झोपेतच."

शोशम्माला अम्मच्ची दिसली. वाकडा भांग पाडलेली, हातात आरसा धरलेली, हसणारी. तिनं तोंडावर हात धरला. शेजारी कुट्टिच्चनचे खांदे हलत होते.

"चुकलं माझं, चेच्ची," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ठरवून केलं मी."

असू दे, असं म्हणायची त्यांच्या घरातली सवय होती. शोशम्मा तसं म्हणाली नाही. "हो. चुकलं," ती म्हणाली. "मी तुला माफ करतेय, कुट्टिच्चा. एका दिवसात होईल असं नाही. मधेच पुन्हा राग येईल, तेव्हा तुला येऊन सांगेन. पण करतेय."

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "घरी येशील? आलेयम्मानं पेज ठेवलीय."

"आज नको. पुढच्या आठवड्यात."

"बरं."

तो रबराच्या झाडांतून निघून गेला. पांढरं डोकं बराच वेळ खोडांमधून दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं. पडवीत कुणी नव्हतं, अंगणात कुणी नव्हतं, आणि अम्मच्चीही कुठून येणार नव्हती. शोशम्मा उठली, आत गेली. पेज गरम केली, वर मुगाची उसळ आणि पापड घेतला. क्रुसाची खूण करून ती जमिनीवर एकटीच जेवायला बसली. तिला चांगलीच भूक लागली होती.